अर्ध्या रक्ताची जमाबंदी

ज्या नगरीत माझा जन्म झाला आणि जिच्यात माझे सारे आयुष्य गेले, तिला तिचे नाव एका असुराकडून मिळाले आहे, ही गोष्ट कोल्हापूरच्या माणसाला इतक्या कोवळ्या वयात कळते की तिच्यातले नवल त्याला पुढे जाणवेनासे होते. करवीरमाहात्म्याच्या कथेप्रमाणे महालक्ष्मीच्या हातून रणांगणात पडलेल्या कोल्हासुराने शेवटच्या घटकेला जो वर मागितला तो या क्षेत्राला आपले नाव मिळावे असा होता, आणि देवीने तो नाकारला नाही. आजही आश्विनातल्या ललितापंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर जाते, त्र्यंबोलीसमोर कुमारिकेच्या हातून कोहळा फोडला जातो, त्याची एखादी फोड पदरी पडावी म्हणून माणसांची झुंबड उडते, आणि असुराच्या वधाचा हा सोहळा आटोपून लोक ज्या गावी परततात त्या गावाच्या पाटीवर त्याच असुराचे नाव असते. शत्रूला मारून त्याचे नाव पुसून टाकावे ही जगाची सर्वसाधारण वहिवाट. ती मोडणारी ही कथा मला लहानपणी केवळ गंमतीची वाटे. तिचा अर्थ लावण्याची निकड मला उतारवयात, आणि तीही एका खेळामुळे भासली.

मंगळवार पेठेतल्या आमच्या घराच्या माडीवर दर रविवारी माझा नातू आणि त्याचे चार-पाच मित्र जमतात. ही मुले अभियांत्रिकीची आहेत. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा जो खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ साली प्रसिद्ध केला, तो खेळण्यात त्यांची दुपार आणि पुष्कळदा रात्रही जाते. त्यात पट नसला तरी चालतो. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग उभा करतो, बाकीचे एकेक पात्र धारण करून त्या प्रसंगात वागतात-बोलतात, आणि जेथे यशापयशाचा निर्णय हवा तेथे वीस पैलूंचा फासा टाकला जातो. प्रत्येकाजवळ आपल्या पात्राचा एक कागद असतो. बळ, चापल्य, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि प्रभाव या सहा गुणांचे आकडे त्यावर मांडलेले असतात, आणि त्यांच्या वर पात्र कोणत्या कुळातले हे लिहिण्याची जागा असते. कोणी मनुष्य, कोणी दीर्घायुषी, देखणा, अरण्यवासी एल्फ, कोणी बुटका आणि चिवट ड्वार्फ, कोणी सुळ्यांचा, रुंद खांद्यांचा ऑर्क. मुले हे सारे ज्या गांभीर्याने करतात ते पाहून मला आमच्या तालमीतल्या पोरांची आठवण होते.

एका रविवारी तकरार उपस्थित झाली. नातवाला आपल्या नव्या पात्राचा बाप एल्फ आणि आई ऑर्क हवी होती. सूत्रधार झालेला मुलगा मोठा नियमनिष्ठ. त्याने जुने ग्रंथ आणि नवे ग्रंथ दोन्ही समोर ठेवले आणि सांगितले की जुन्यात असा संकर निषिद्ध आहे, आणि नव्यात तर 'अर्ध' हा प्रकारच उरलेला नाही. नातू खाली आला आणि मला म्हणाला, "आबा, तुमच्या महाभारतात असलं कोण हाय का?" मी त्याला म्हटले, "अरे, महाभारतात दुसरं आहे कोण?" उत्तर ओठांवर चटकन आले खरे, पण तेवढेच पुरेसे नाही हे ध्यानात आल्यावर जो विचार सुरू झाला तो येथे मांडत आहे.

सूत्रधाराचे म्हणणे नियमाला धरून होते, याची मी रुजुवात घेतली. या खेळाचा जो राक्षसकोश १९७७ साली निघाला त्यात ऑर्क कोणाशीही संतती उत्पन्न करतात असे सांगून अशा संततीचे वर्णन तिरस्काराच्या शब्दांत केले आहे. अर्ध-ऑर्कांपैकी दहांत एखादा आपल्या दुसऱ्या कुळाचा म्हणून खपून जाऊ शकतो असे प्रमाणही दिले आहे. आणि एल्फांशी मात्र ऑर्कांचा संकर होऊच शकत नाही असे स्पष्ट बजावले आहे. पुढच्याच वर्षी खेळाडूंसाठी जे पुस्तक आले त्यात अर्ध-ऑर्क हे पात्र धारण करण्याची मुभा मिळाली, पण त्याबरोबर बळात एक आणि काटकपणात एक अशी वाढ आणि प्रभावात दोनांची घट त्याच्या नशिबी लिहिली गेली. जन्मास येण्यापूर्वीच ज्याच्या कागदावर हे आकडे चढले आहेत, त्याने पुढे कितीही पराक्रम केला तरी कोणत्या खात्यातून आरंभ करायचा हे त्याच्या हाती नव्हते.

एल्फ आणि ऑर्क यांच्यामधली ही भिंत अधिकच विलक्षण वाटते ती या कुळांचे मूळ पाहिले म्हणजे. ज्या टॉल्किनच्या कादंबऱ्यांवरून ही कुळे बरीचशी उसनी घेतली आहेत, त्याच्या मरणोत्तर १९७७ सालीच प्रसिद्ध झालेल्या 'सिल्मारिलियन' या ग्रंथात ऑर्कांची जी उत्पत्ती सांगितली आहे ती अशी की, आदिकाळी अंधाराच्या स्वामीने काही एल्फांना पकडून नेले, बंदिवासात त्यांचा दीर्घकाळ छळ केला, आणि त्या छळातून विरूप होऊन जी प्रजा निपजली ती ऑर्क. म्हणजे सुंदर आणि कुरूप ही दोन कुळे मुळात एकच. मध्ये आहे तो केवळ यातनेचा इतिहास. टॉल्किनला स्वतःला ही उपपत्ती पुढे खटकत राहिली, कारण मूळचे चांगले ते समूळ दुष्ट होऊ शकते हे त्याच्या श्रद्धेत बसत नव्हते. त्याच्याच जगात मनुष्य आणि एल्फ यांच्या संकरातून जन्मलेल्या एल्रॉन्ड आणि एल्रोस या दोघा भावांना आपण कोणत्या कुळाचे व्हायचे ते निवडण्याचा अधिकार मिळतो. एक अमर एल्फ होतो, दुसरा मर्त्य मनुष्य होऊन राजवंशाचा मूळपुरुष ठरतो. उच्च मानलेल्या दोन कुळांच्या मीलनाला निवडीचा सन्मान, आणि नीच मानलेल्या कुळाच्या मीलनाला संशय. हा भेद खेळाने टॉल्किनकडून घेतला आणि त्याला आकड्यांचे रूप दिले.

हे वाचत असताना मला सारखे वाटत होते की हा ग्रंथ मी पूर्वी कोठेतरी वाचला आहे. तो मनुस्मृतीचा दहावा अध्याय होता. ब्राह्मण पिता आणि वैश्य माता यांचा पुत्र अंबष्ठ, ब्राह्मण पिता आणि शूद्र माता यांचा निषाद, क्षत्रिय पिता आणि ब्राह्मण माता यांचा सूत, वैश्य पिता आणि क्षत्रिय माता यांचा मागध, शूद्र पिता आणि क्षत्रिय माता यांचा क्षत्ता, शूद्र पिता आणि ब्राह्मण माता यांचा चांडाळ. अनुलोम आणि प्रतिलोम अशा दोन रकान्यांतून ही मांडणी पुढे सरकते, मग संकराचा पुन्हा संकर होतो, त्यालाही नाव मिळते, आणि प्रत्येक नावापुढे एक उपजीविका लिहिली जाते: सूताने घोडे आणि रथ सांभाळावे, अंबष्ठाने चिकित्सा करावी, निषादाने मासे मारावे, मागधाने व्यापार करावा, चांडाळाने गावाबाहेर राहावे आणि मृतांची वस्त्रे ल्यावी. जमिनीची प्रतवारी करून जिरायत, बागायत, वरकस असे शेरे मारावे आणि त्या शेऱ्यांवर आकार बसवावा, तशी ही माणसांची जमाबंदी आहे. जमिनीला निदान खत घालून तिची प्रत पालटता येते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात संकरजातींच्या या उपपत्तीला एक स्वतंत्र कोडे म्हणून वाहिले आहे. एकाच संकरजातीचे आईबाप निरनिराळे स्मृतिकार निरनिराळे सांगतात हे त्यांनी ताळेबंद मांडावा तसे दाखवून दिले, आणि ज्या समाजांची वस्ती देशभर पसरली आहे ते सगळे चोरट्या संबंधांतून निर्माण झाले हे मानायचे तरी कसे, असा प्रश्न विचारला. त्यांच्या युक्तिवादाचे मर्म मला असे दिसते की संकर आधी घडला आणि मग त्याला नाव मिळाले असे झाले नाही. नावे आणि धंदे आधीच अस्तित्वात होते, स्मृतिकारांनी त्यांना मागाहून आईबाप पुरवले. राक्षसकोशाच्या लेखकानेही तेच केले आहे. ज्याला मारताना खेळाडूच्या हाताला कंप सुटू नये असा शत्रू त्याला हवा होता; तो हवा म्हणून ऑर्कांचे कुळ, त्यांची जन्मजात दुष्ट वृत्ती आणि त्यांच्या संततीचे हीनत्व ही सारी मागाहून पुरवलेली वंशावळ आहे.

खेळ तो खेळ, त्याला इतके मनावर घेण्याचे कारण काय, असे कोणी म्हणेल, आणि ते म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. नियमांवाचून खेळ होत नाही आणि बुद्धिबळातल्या उंटाने तिरकेच का चालावे असे कोणी विचारत नाही. परंतु उंटाला आई नसते. ज्या पात्राला आई, बाप, बालपण आणि इच्छा आहेत असे मानूनच खेळ रंगतो, त्याच्या बाबतीत जन्मावरून स्वभाव ठरवण्याचा नियम हा निव्वळ नियम राहत नाही. आणि हा नियम खेळापुरता राहिलेला नाही याचा पुरावा शोधायला मला दूर जावे लागत नाही. इंग्रज सरकारने १८७१ साली एक कायदा करून जमातींच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या आणि त्याची व्याप्ती पुढे वाढवत नेली. पाळण्यातल्या पोराच्या नावापुढे गुन्हेगार हा शेरा पडला तो थेट १९५२ साली कायदा रद्द होईपर्यंत. आमच्या करवीर संस्थानातही हजेरीची पद्धत होती. महार, मांग, रामोशी, बेरड अशा जातींतल्या माणसांनी कोणताही अपराध केलेला नसताना गावकामगारापुढे उभे राहून आपण गावातच आहोत हे रोज सिद्ध करायचे, असा तिचा अर्थ. शाहू छत्रपतींनी ती १९१८ साली बंद केली. आणि ज्यांच्या नुसत्या सावलीनेही गावची दारे लागत त्या फासेपारध्यांना त्यांनी आपल्या पहाऱ्यावर नेमले. चोर म्हणून ज्यांची नोंद होती त्यांच्याच भरवशावर राजा झोपला. राक्षसकोशात ऑर्कांच्या वृत्तीच्या रकान्यात 'दुष्ट' हा शब्द मी वाचला तेव्हा मला हजेरीच्या दफ्तराचीच आठवण झाली.

आता महाभारताकडे वळतो, कारण नातवाला दिलेल्या उत्तराचे ऋण माझ्यावर आहे. स्मृती आणि महाकाव्य एकाच भाषेत आहेत, तरी माणसाकडे पाहण्याची त्यांची दृष्टी एक नाही. कुरुवंशाचे मूळ पाहा. ययातीला देवयानीपासून यदू आणि तुर्वसू झाले, शर्मिष्ठेपासून द्रुह्यू, अनू आणि पूरू. देवयानी ही ब्राह्मणाची कन्या, म्हणजे क्षत्रियाशी तिचा विवाह प्रतिलोम; शर्मिष्ठा ही असुरराज वृषपर्व्याची कन्या. म्हाताऱ्या बापाचे वार्धक्य पत्करून राज्य मिळवणारा पूरू हा असुरकन्येचा धाकटा मुलगा, आणि थोरल्या यदूला, शुक्राचार्यांच्या नातवाला, डावलून याला गादी कशी, असा आक्षेप प्रजेने घेतला तेव्हा ययातीने दिलेले उत्तर कुळाविषयी नव्हते, पुत्राने पाळलेल्या शब्दाविषयी होते. ज्यांच्या भांडणावर सारे महाभारत उभे आहे ते कौरव-पांडव याच पूरूच्या वंशातले म्हणवतात, आणि श्रीकृष्ण यदूच्या. वि. स. खांडेकरांनी 'ययाति' ही कादंबरी लिहिली ती कोल्हापुरात राहून. १९५९ साली ती प्रसिद्ध झाली आणि पुढे मराठीला पहिले ज्ञानपीठ तिच्यामुळे लाभले. त्यांच्या शर्मिष्ठेवर मराठी वाचकाने जीव लावला तेव्हा ती असुराची मुलगी आहे हे किती जणांच्या मनात आले असेल? लेखकाने ते लपवले नव्हते. आम्हाला तेवढे महत्त्वाचे वाटले नाही, आणि न वाटणेच योग्य होते.

रामायणातही हेच. उत्तरकांडात सांगितले आहे की ब्रह्मदेवाने जलाच्या रक्षणासाठी जे प्राणी निर्माण केले त्यांपैकी 'आम्ही रक्षण करू' म्हणणारे राक्षस झाले आणि 'आम्ही पूजन करू' म्हणणारे यक्ष झाले. यक्ष हे देखणे, वैभवशाली, अरण्याचे आणि निधीचे रक्षक. पश्चिमेच्या एल्फांना आमच्याकडे कोणी आप्त असतील तर ते हेच. राक्षस आणि यक्ष सहोदर ठरले, आणि त्यांचे राजे रावण आणि कुबेर हेही एकाच विश्रवा ऋषीचे पुत्र, सावत्र भाऊ. रावण हा ब्राह्मण पित्याचा आणि कैकसी या राक्षसी मातेचा मुलगा. त्याच कैकसीच्या उदरी त्याच पित्यापासून बिभीषण जन्मला. राक्षसकोशाच्या कर्त्याला या दोघा भावांच्या कागदांवर एकच आकडा मांडावा लागला असता, आणि मग रामायण घडलेच नसते.

परंतु माझ्या नातवाचा खरा पूर्वज घटोत्कच. या एका पात्राविषयी मला जितके दुःख आहे तितके महाभारतातल्या दुसऱ्या कोणाविषयी नाही, आणि म्हणून त्याच्याविषयी थोडे विस्ताराने बोलतो. अर्ध-ऑर्कांच्या जुन्या कथांत एक गृहीत असे की त्यांचा जन्म बलात्कारातून झाला असणार. दुष्ट कुळाचा पुरुष आणि मानवी कुळाची अभागी स्त्री. घटोत्कचाच्या जन्माची कथा याच्या नेमकी उलट आहे. येथे राक्षसकुळाची आहे ती स्त्री, आणि मागणी तिची आहे. झोपलेल्या पांडवांना मारून आणण्यासाठी भावाने पाठवलेली हिडिंबा भीमाला पाहते, भावाची आज्ञा मोडते, भावाच्या वधानंतर कुंतीपुढे हात जोडून आपल्या मनातली गोष्ट सांगते, आणि कुंती व युधिष्ठिर अटी घालून संमती देतात: दिवसा भीम तिचा, रात्री त्याने परत यायचे, आणि पुत्र होईपर्यंतच. पुत्र झाला, घटासारखे केशहीन मस्तक म्हणून घटोत्कच. कुंतीने त्या मुलाला काय सांगितले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे: तू कुरूंच्या कुळात जन्मलास, या पाचांचा तू ज्येष्ठ पुत्र आहेस. तिने त्याला अर्धा म्हटले नाही. थोरला म्हटले.

आणि तरी अट होती ती होतीच. पांडव निघून गेले, हिडिंबा अरण्यात राहिली, मुलगा आईपाशी वाढला आणि स्मरण करताच येईन एवढे वचन देऊन थांबला. गंधमादनाच्या वाटेवर द्रौपदी थकून कोसळली तेव्हा त्याचे स्मरण झाले. त्याने तिला खांद्यावर वाहून नेले. नंतर स्मरण झाले ते युद्धात. चौदाव्या दिवशी सूर्य मावळल्यावरही रण थांबले नाही, आणि रात्र ही राक्षसांची वेळ म्हणून त्याला कर्णासमोर उभे केले गेले. कर्णापाशी इंद्राने दिलेली शक्ती होती, एकदाच चालणारी, अर्जुनासाठी राखून ठेवलेली; कौरवसैन्याच्या आक्रोशापुढे कर्णाने ती या रात्री वापरली. मरताना घटोत्कचाने देह वाढवला आणि शत्रूच्या सैन्यावर पडून त्याचा चुराडा केला, म्हणजे मरणसुद्धा त्याने बापाच्या कामी लावले. पांडव रडत असताना श्रीकृष्णाने हर्षाने अर्जुनाला आलिंगन दिले. शक्ती संपली, अर्जुन वाचला, हे कारण समजण्यासारखे आहे. पण तो पुढे जे बोलला ते मला कधीच पचले नाही: कर्णाने याला मारले नसते तर मलाच मारावे लागले असते, कारण हा ब्राह्मणांचा आणि यज्ञांचा द्वेष्टा होता. ज्याला आयुष्यात दोनदा बोलावणे आले आणि जो दोन्ही वेळा धावत आला, त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या कागदावर कुळाचा शेरा पुन्हा चढला.

आणि त्याला मारणारा कोण, तर कर्ण. सारे जग ज्याला सूतपुत्र म्हणून हिणवत होते तो. दहाव्या अध्यायातल्या एका रकान्यातला माणूस राक्षसीच्या मुलावर सोडला गेला, आणि दोघांच्या आयुष्याची किंमत देऊन तिसऱ्याच कोणाचा तरी विजय निश्चित झाला. आजऱ्यात जन्मलेल्या आणि कोल्हापुरात शिक्षकी केलेल्या शिवाजी सावंतांनी १९६७ साली 'मृत्युंजय' लिहून कर्णाला मराठी घराघरांत जागा मिळवून दिली, याचा आम्हा कोल्हापूरकरांना सार्थ अभिमान आहे. घटोत्कचाला असा कोणी मिळालेला नाही. त्याच्या नावावर उरला तो मायाबाजार: बलरामकन्या सुरेखेच्या हरणाच्या कथेत तिचे रूप घेऊन सगळ्यांना चकवणारा, खादाड, हसवणारा राक्षस. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने कोल्हापुरातच १९२१ साली 'सुरेखाहरण' हा मूकपट काढला. त्यात कृष्णाच्या भूमिकेत जो तरुण प्रथमच पडद्यावर आला तो पुढचा व्ही. शांताराम. लोककथेने घटोत्कचावर प्रेमच केले, हे मी नाकारत नाही. पण ज्याचे दुःख सहन होत नाही त्याला आपण हसण्यावारी नेतो, तसे ते प्रेम आहे.

आता नव्या ग्रंथाविषयी. या खेळाच्या प्रकाशकांनी २०२२ च्या अखेरीस 'वंश' हा शब्द टाकण्याचे जाहीर केले, आणि २०२४ साली जे नवे पुस्तक निघाले त्यात दोन गोष्टी केल्या. गुणांची वाढ-घट कुळावरून काढून घेऊन पात्राच्या पूर्वायुष्यावर, म्हणजे तो कोठे वाढला आणि काय शिकला यावर ठेवली. आणि अर्ध-एल्फ व अर्ध-ऑर्क ही दोन्ही नावे यादीतून गाळली. ऑर्क मात्र आता कोणीही उजळ माथ्याने होऊ शकतो. पहिल्या गोष्टीचे मी मनापासून स्वागत करतो. जन्माकडून घेऊन संस्काराकडे दिलेला हा अधिकार म्हणजे दहाव्या अध्यायाचे एक पान फाडण्यासारखे आहे. दुसरीविषयी मात्र माझा मतभेद आहे. 'अर्ध' या मापातच रक्ताची मोजदाद दडलेली आहे, म्हणून तो शब्द नको, असा गाळणाऱ्यांचा युक्तिवाद असतो, आणि तो खरा आहे. पण शब्द वाईट म्हणून माणूस गाळावा काय? आठ-दहा कुळांची शुद्ध नावे छापून ठेवली आणि त्यांच्या सांध्यावर जन्मलेल्याने यांपैकी एक निवड असे सांगितले, तर त्याने आई तरी सोडायची किंवा बाप तरी. अपमानाची नोंद पुसली हे ठीक. तिच्याबरोबर खातेच बंद झाले. 'पाथफाइंडर' नावाच्या दुसऱ्या एका खेळाच्या कर्त्यांनी २०२३ साली वेगळा मार्ग घेतला. त्यांनी अर्धेपणाची मोजणी टाकली, पण अशा लोकांना 'आयुवारिन' आणि 'ड्रोमार' अशी स्वतंत्र नावे दिली, आणि ती कोणत्याही कुळात जन्मलेल्याला घेता येतील असे ठरवले. हा मार्ग मला अधिक न्याय्य वाटतो.

शाहू छत्रपतींच्या डोळ्यांसमोर हाच पेच एका निराळ्या रूपात होता. १८९९ साली कार्तिकस्नानाच्या वेळी पंचगंगेवर त्यांच्यासाठी वेदोक्त मंत्रांऐवजी शूद्रांसाठीचे पुराणोक्त मंत्र म्हटले गेले, आणि सिंहासनावर बसलेल्या माणसालाही रकाना चुकत नाही हे त्यांना उमगले. रकाने मान्य करून आपण वरच्या रकान्यात आहोत हे सिद्ध करण्यावर त्यांनी समाधान मानले असते तर ते वेदोक्ताच्या तंट्यापाशीच थांबले असते. ते थांबले नाहीत. विठ्ठलभाई पटेलांच्या आंतरजातीय विवाहाच्या विधेयकाला १९१८ साली त्यांनी उघड पाठिंबा दिला, १९१९ साली आपल्या संस्थानात असे विवाह कायदेशीर ठरवले, आणि कायदा करून हात झटकले नाहीत तर मराठा आणि धनगर या समाजांत सोयरिकी घडवून आणण्याचा प्रयत्न केला. त्या प्रयत्नाचे फळ म्हणून कागलच्या घाटगे घराण्यातली कन्या इंदूरच्या होळकरांकडे १९२४ साली सून म्हणून गेली, तेव्हा महाराज हयात नव्हते. १९२० च्या मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत ज्या तरुण आंबेडकरांना त्यांनी तुमचा पुढारी म्हणून लोकांसमोर उभे केले, त्यांनी १९३६ साली जातीच्या उच्छेदाचा खरा उपाय म्हणून मिश्रविवाहाचेच नाव घेतले. त्या विवाहांतून जन्मणाऱ्या मुलांचे काय, हा प्रश्न त्या काळी विरोधक हटकून विचारीत. त्याला कायद्याने दिलेले उत्तर असे की ते मूल औरस, वारस आणि पूर्ण आहे. कुंतीने जे अरण्यात तोंडी सांगितले होते ते येथे शिक्क्यानिशी कागदावर आले.

यातले बरेचसे मी त्या रविवारी नातवाला सांगितले. मित्रही जिना उतरून येऊन बसले. ऐकून झाल्यावर सूत्रधार मुलाने जुना ग्रंथ मिटला आणि म्हणाला की नियम मी सांभाळतो, पण याला खेळू दे. नातू मात्र दुसऱ्याच गोष्टीपाशी अडकला होता. "आबा, हिडिंबेचं पुढं काय झालं?" त्याने विचारले. मी सांगितले की युद्धानंतरच्या स्त्रीपर्वात गांधारी रडते, कुरुकुळातल्या सुना रडतात. हिडिंबा तेथे नाही. पोर गेल्याची खबर तिला कोणी नेली, नेली की नाही, याला पोथीत जागा नाही.

तो काही बोलला नाही. पात्राचा कागद घेऊन वर गेला. थोड्या वेळाने मी चहा सांगायला माडीवर गेलो तेव्हा खेळ सुरू झाला होता. सूत्रधाराने मेणबत्ती पुढे सरकवून नियमाप्रमाणे विचारले, "वेशीवरचा पहारेकरी तुला अडवतोय. कुठला तू? कुठून आलास?" नातवाच्या कागदावर कुळाची जागा कोरी होती आणि तिच्या खाली बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेले होते. फासा हातात तसाच धरून तो म्हणाला, "आईच्या गावाहून."